गव्हर्नरची वजनं गेली, तारा आल्या

ऑटोमॅटिक गाडी एकाच गिअरमध्ये अडकते, स्कॅनरवर पी०७२० हा बिघाडाचा कोड उमटतो आणि लगेच नवा स्पीड सेन्सर मागवला जातो. पुष्कळदा तो बसवूनही कोड परत येतो. असं का होतं, याचं उत्तर या सेन्सरच्या इतिहासात आहे.

जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक हा मोठ्या संख्येने तयार झालेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. १९४० च्या ओल्ड्समोबाइल गाड्यांत तो आला. त्यात वीज कुठेच नव्हती. गाडीचा वेग ओळखायचा तो गव्हर्नर. त्याची छोटी वजनं गाडीच्या वेगानुसार फिरत, वेग वाढला की बाहेर फेकली जात आणि झडपेतून येणारा तेलाचा दाब वाढवत. एका बाजूने हा दाब, दुसऱ्या बाजूने ॲक्सिलरेटरचा जोर. या रस्सीखेचीत कोण जिंकतं त्यावर गिअर बदलायचा. मला ही रचना आजही फार सुंदर वाटते. झडपेत कचरा अडकला की गिअर उशिरा पडायचा, पण दोष तिथेच, हाताला लागेल असा असायचा.

स्पीडोमीटरच्या काट्यापर्यंत वेग पोचायचा तो वेगळ्या वाटेने, फिरत्या केबलमधून. ओटो शुल्त्से यांनी १९०२ मध्ये पेटंट घेतलेल्या स्पीडोमीटरचं तत्त्व त्यामागे होतं.

१९८० च्या दशकात गिअर कधी बदलायचा हे संगणक ठरवू लागला आणि गव्हर्नरची जागा सेन्सरने घेतली. त्यामागचं विज्ञान मात्र जुनंच. दोन तारांच्या सेन्सरमध्ये चुंबकाभोवती कॉइल असते. समोरून दातेरी चक्र फिरलं की तिच्यात वीज निर्माण होते. हे फॅरडेंनी १८३१ मध्ये दाखवलं होतं. तीन तारांचा सेन्सर बहुधा एडविन हॉल यांच्या १८७९ च्या शोधावर, म्हणजे चुंबकक्षेत्रानुसार बदलणाऱ्या व्होल्टेजवर, चालतो आणि त्याला बाहेरून वीज द्यावी लागते. म्हणूनच कॉइलचा रोध मल्टिमीटरने तपासता येतो, हॉल सेन्सरचा तसा तपासून काही कळत नाही. तिथे पुरवठा, अर्थिंग आणि सिग्नल पाहावा लागतो.

अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून सांगण्याची ठरलेली पद्धत, सक्तीची झाली आणि कोडना समान भाषा मिळाली. पी०७१५ म्हणजे इनपुट (गिअरबॉक्समध्ये येणाऱ्या) वेगाच्या सेन्सरचं सर्किट, पी०७२० म्हणजे आउटपुट (बाहेर जाणाऱ्या) वेगाच्या सेन्सरचं. भर आहे तो ‘सर्किट’ या शब्दावर. घासलेली तार, तेल शिरलेला कनेक्टर, ढिली पिन, काहीही असू शकतं. सिग्नलवर भरवसा उरला नाही की बऱ्याच गाड्यांत संगणक सोलेनॉइडची, म्हणजे गिअर बदलणाऱ्या विजेवरच्या झडपांची, वीज तोडतो आणि गिअरबॉक्स ठरलेल्या एका गिअरवर, अनेकदा दुसऱ्या किंवा तिसऱ्यावर, थांबतो. तोच लिंप मोड.

म्हणून दोन तारांचा सेन्सर असेल तर आधी त्याच्या पिनांवर रोध मोजावा, मग तोच संगणकाच्या कनेक्टरपाशी. दोन आकडे जुळले नाहीत तर दोष वायरिंगमध्ये. आकडा कंपनीने दिलेल्या मर्यादेत असेल तर चाक फिरवून एसी व्होल्टेज उठतंय का पाहावं.

सेन्सर बाहेर काढलाच तर त्याचं टोक नीट बघा. चुंबक असलेल्या टोकाला लोखंडाचा करडा कीस चिकटलेला असतो. तो पिठासारखा मऊ असेल तर पुसून सेन्सर परत बसवावा. बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर गिअरबॉक्स उघडावाच लागतो.