सोडत व निवडणूक, अथेन्समधील

सोडत व निवडणूक, अथेन्समधील : प्राचीन अथेन्सच्या लोकशाहीत (इ. स. पू. सु. ५०८–३२२) सार्वजनिक पदे भरण्याच्या दोन पद्धती. बहुतेक पदांसाठी चिठ्ठ्या काढत. ज्या पदांना खास कसब लागते असे मानले जाई, तेवढीच नागरिकांच्या सभेत हात वर करून मतदानाने भरत. हॅन्सन या डॅनिश अभ्यासकाच्या अंदाजाने इ. स. पू. चौथ्या शतकात ५०० सदस्यांचे मंडळ (बुले) आणि इतर सुमारे ६०० अधिकारी सोडतीने येत, तर निवडून येणारे जेमतेम शंभर असत. लोकप्रियता मोठी की लायकी, हा वाद ग्रीक साहित्यात प्रथम तपशिलाने दिसतो तो याच व्यवस्थेच्या संदर्भात.

उगम : नगराच्या नऊ आर्कनांची, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्यांची, निवड चिठ्ठीने कधीपासून होऊ लागली याविषयी एकमत नाही. ‘अथेन्सची राज्यघटना’ या ग्रंथात (तो ॲरिस्टॉटलच्या नावावर आहे; शिष्यांपैकी कोणी लिहिला असावा, असे बरेच जण मानतात) याचे श्रेय इ. स. पू. सहाव्या शतकाच्या आरंभीचा कायदेकर्ता सोलन याला दिले आहे. चार जमातींनी प्रत्येकी दहा उमेदवार निवडायचे आणि त्या चाळिसांतून नऊ जण चिठ्ठीने घ्यायचे, अशी ती रीत होती म्हणे. ‘राज्यनीती’त मात्र सोलनने अधिकारी निवडून देण्याची जुनी पद्धत तशीच चालू ठेवली, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी मानायची तर बरीच ओढाताण करावी लागते. पहिल्याच ग्रंथात पुढे इ. स. पू. ४८७–८६ मध्ये, हुकूमशाहीच्या काळानंतर प्रथमच, आर्कन चिठ्ठीने नेमले गेल्याची नोंद आहे. इतिहासकार हिरॉडोटसने मॅरेथॉनच्या लढाईतील (इ. स. पू. ४९०) युद्धाधिकारी कॅलिमाकस यालाही चिठ्ठीने आलेला म्हटले आहे; हिरॉडोटस बहुधा स्वतःच्या काळातली रीत मागे नेतो. हॅन्सन सोलनविषयीची परंपरा ग्राह्य धरतो. चौथ्या शतकातील अथेन्सवासीयांना आपली प्रत्येक संस्था सोलनच्या पदरात टाकण्याची सवय होती हे लक्षात घेता, ४८७–८६ हेच वर्ष अधिक भरवशाचे वाटते.

सोडतीमागची भावना कोणती, हाही वादाचा विषय. फ्रेंच इतिहासकार फ्यूस्तेल द कुलांज याने ती देवाचा कौल मानली. मते समसमान पडल्यावर आपल्याकडे ईश्वरचिठ्ठी काढतात, तिच्या नावातही हाच भाव आहे. इंग्रज अभ्यासक हेडलम याने १८९१ मध्ये हे मत खोडून काढले. त्याच्या मते कोणा एका अधिकाऱ्याचे वजन सभेपेक्षा वाढू नये, एवढाच तिचा हेतू होता. पाचव्या शतकापुरता तरी हेडलमकडे कल अधिक आहे.

सोडतयंत्र : ‘क्लेरोटेरिअन’ हा शब्द पूर्वी सोडतीच्या दालनाचा वाचक समजला जाई. अथेन्सच्या अगोरातील (बाजार-चौकातील) उत्खननात सापडलेल्या खाचा असलेल्या दगडी फळ्या म्हणजेच क्लेरोटेरिअन, हे अमेरिकन पुराभिलेखतज्ज्ञ स्टर्लिंग डाऊ याने १९३० नंतरच्या दशकात दाखवून दिले. फळीवर खाचांच्या उभ्या रांगा असत आणि प्रत्येक खाचेत नागरिकाचे नाव कोरलेली पट्टी बसे. कडेच्या नळीत पांढरे व काळे ठोकळे वरून ओतत आणि खालून एकेक सोडत. पांढरा पडला तर त्या क्रमाची आडवी ओळ कामावर, काळा पडला तर ती ओळ घरी. पट्ट्या आधी काशाच्या, नंतर लाकडी झाल्या. हाती आलेले दगडी नमुने मुख्यतः इ. स. पू. तिसऱ्या-दुसऱ्या शतकांतले असल्याने आधीची यंत्रे लाकडाची असावीत, असा तर्क करतात.

निवडून देण्याची पदे : यांत दहा सेनापती (स्ट्रॅटेगॉस) प्रमुख. मंडळावर आयुष्यात दोनदाच बसता येई. सेनापतिपदाला मात्र अशी मर्यादा नव्हती. पाचव्या शतकातला प्रमुख नेता पेरिक्लीझ सलग पंधरा वर्षे निवडून आला, तर चौथ्या शतकातला फोशन पंचेचाळीस वेळा, असे चरित्रकार प्लूटार्क सांगतो. चौथ्या शतकात लष्करी निधीचा कोषाध्यक्ष, उत्सवनिधीचे अधिकारी आणि पाणवठ्यांचा अधीक्षक हेही मतदानाने येऊ लागले. पाण्याचे काम नशिबावर सोडायचे नाही, हा हिशेब दुष्काळी मुलुखातल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. इ. स. पू. ३३३ मधील एका शिलालेखात पायथिअस नावाच्या अशा अधीक्षकाचा, कारंजी बांधल्याबद्दल व दुरुस्त केल्याबद्दल, गौरव आहे.

पद सोडतीने मिळो की मताने, आधी पात्रता-तपासणी आणि शेवटी हिशेब-तपासणी चुकत नसे. पहिल्या तपासणीत कसब पाहत नसत. नागरिकत्व, आईबापांशी वागणूक, कर व लष्करी सेवा एवढेच विचारत.

लोकानुनयी नेते : सभेत कोणालाही बोलता येई, त्यासाठी पद लागत नसे. पेरिक्लीझच्या मृत्यूनंतर (इ. स. पू. ४२९) पुढे आलेल्या ‘डेमॅगॉग’ मंडळींचे बळ या व्यासपीठावर होते. (त्यांना अगदीच मोकळे रान नव्हते. बेकायदा ठराव मांडल्याबद्दल खटला होऊ शके.) त्यांपैकी क्लीऑन हा कातडी कमावण्याच्या धंद्यातून श्रीमंत झालेल्या घरातला. व्यासपीठावर ओरडणारा, शिवीगाळ करणारा आणि वस्त्र खोचून बोलणारा तो पहिलाच, अशी त्याची नोंद आहे. ज्यूरींचा भत्ता त्याने तीन ओबोल (चांदीची लहान नाणी) केला. नाटककार ॲरिस्टोफेनीसच्या ‘नाइट्स’ या प्रहसनात नेता होण्यासाठी अडाणीपणा आणि हलके कूळ याच पात्रता ठरवल्या आहेत. या प्रहसनाला इ. स. पू. ४२४ मध्ये पहिले पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी लोकांनी क्लीऑनला सेनापती निवडले.

क्लीऑनविषयीची साधने एकतर्फी आहेत. ॲरिस्टोफेनीसचे त्याच्याशी उघड वैर होते. इतिहासकार थ्यूसिडिडीझला सेनापती म्हणून उत्तरेकडील अँफिपोलिस हे नगर गमावल्याबद्दल हद्दपारी भोगावी लागली, आणि ती क्लीऑनमुळे घडली असे एक उत्तरकालीन चरित्र म्हणते. स्पार्टाशी चाललेल्या युद्धात शत्रूच्या ताब्यातले स्फॅक्टीरिया बेट वीस दिवसांत घेतो, ही क्लीऑनची वल्गना थ्यूसिडिडीझला वेडेपणाची वाटते, पण ती खरी ठरली आणि २९२ कैदी अथेन्सला आले, हेही तोच नोंदवतो (इ. स. पू. ४२५). बेत मूळचा डेमॉस्थेनीझ या सेनापतीचा होता, हे खरे. तीन वर्षांनी अँफिपोलिसजवळ क्लीऑन मारला गेला. एकोणिसाव्या शतकात इंग्रज इतिहासकार ग्रोटने त्याची बाजू घेतली. १९६२ मध्ये प्राचीन इतिहासाचा अभ्यासक फिन्ली याने असे नेते हा व्यवस्थेतला बिघाड नसून तिचा आवश्यक भागच होता, अशी मांडणी केली. पुढच्या संशोधनाचा ओघ बव्हंशी फिन्लीच्या दिशेने आहे.

लायक माणसे निवडून दिली की भागले, असेही नव्हते. आर्गिन्यूसीची आरमारी लढाई (इ. स. पू. ४०६) जिंकणाऱ्या आठ सेनापतींना, वादळात बुडणाऱ्यांना वाचवले नाही म्हणून, एकाच मतदानात दोषी ठरवले गेले. हाती लागलेल्या सहा जणांना देहदंड झाला. त्यांत पेरिक्लीझचा मुलगा होता.

टीका : सुकाणू धरणारा किंवा सुतार कोणी चिठ्ठीने निवडत नाही, मग राज्यकर्तेच का, हा आक्षेप सॉक्रेटीसचा शिष्य झेनोफन याने गुरूच्या आठवणींच्या ग्रंथात सॉक्रेटीसच्या नावे नोंदवला आहे. त्याच ग्रंथातील दुसरा संवाद कमी उद्धृत होतो. तो खरे तर अधिक मार्मिक आहे. निवडणूक हरलेला निकोमाकिडीझ अंगावरचे वार दाखवत तक्रार करतो, की पैसा जमवण्यापलीकडे काही न येणाऱ्या अँटिस्थेनीसला लोकांनी सेनापती केले. सॉक्रेटीस त्याची बाजू घेत नाही. अँटिस्थेनीसला गाण्यातले कळत नसूनही वृंदगायनाचा खर्च उचलताना तो उत्तम शिक्षक हेरी आणि दर वेळी जिंके. योग्य माणसे शोधून कामाला लावणे हीही लायकीच, असे सॉक्रेटीसचे म्हणणे. (गाढवांना मतदानाने घोडे ठरवा, असा टोमणा मारणारा तत्त्वज्ञ अँटिस्थेनीस वेगळा.)

अथेन्सबाहेर : माहिती तुटपुंजी आहे. दक्षिण ग्रीसमधील आर्केडिया प्रांतातील हेरीआ येथे खटपट करणारेच निवडून येत, म्हणून निवडणूक बंद करून सोडत आणली गेली, एवढे एका वाक्यात ॲरिस्टॉटल सांगतो.