सिमेंटचा पत्रा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे ज्याला नुसतं 'सिमेंटचा पत्रा' म्हणतात तो जुना असेल तर बहुतेक ॲसबेस्टॉसचाच असतो, पण नावात सिमेंट आहे म्हणून लोकांना वाटतं आत दुसरं काही नाही. साधारण 6 मिमी जाडीच्या या नागमोडी पत्र्यात सिमेंटच जास्त, आणि अंदाजे 8 ते 10 टक्के क्रायसोटाईल म्हणजे पांढरं ॲसबेस्टॉस. हे खनिज तंतूतंतूचं असतं, पत्र्याला ताकद तेच देतं.

खानापूर भागात आधी कौलं होती. दरवर्षी पावसाआधी शाकारणी करायची, वर वानरं उड्या मारून फोडणार ती वेगळीच, शेवटी कंटाळून लोकांनी आधी गोठ्यावर, मग पडवीवर आणि हळूहळू अख्ख्या घरावर पत्रे घातले. स्वस्त, गंजत नाही, पावसात लोखंडी पत्र्यासारखा धडधड आवाज नाही, हे सगळं खरंच आहे.

धोका आहे तो धुळीचा. पत्रा शाबूत आहे तोवर तंतू सिमेंटात धरून असतात, पण ग्राइंडरने कापला किंवा हुकासाठी ड्रिलने भोक पाडलं की ते सुटतात, डोळ्याला दिसत नाहीत, श्वासातून फुफ्फुसात जाऊन रुततात. त्यातून ॲसबेस्टॉसिस (फुफ्फुस कडक होऊन दम लागण्याचा आजार), फुफ्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा (बहुतेकदा फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) होऊ शकतो, तोही बऱ्याचदा 20 ते 40 वर्षांनी, म्हणून आज पत्रा कापणाऱ्या पोराला सांगून पटत नाही. तो बिडी-सिगरेट ओढत असेल तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका कितीतरी पटीने वाढतो.

सगळ्यात वाईट म्हणजे मे महिन्यात शेवाळ काढायला पत्रा तारेच्या ब्रशने कोरडाच घासतात. फुटके तुकडे चिखल होऊ नये म्हणून अंगणात पसरायचीही सवय आहे, त्यावरून ट्रॅक्टर जातो, चुरा होतो आणि पोरं तिथंच खेळतात. हे तरी आजपासून बंद करा.

भारतात ॲसबेस्टॉसची खाण बंद आहे पण आयात चालू, विक्रीवर बंदी नाही. युरोपियन युनियनमध्ये 2005 पासून बंदी आहे, अमेरिकेने 2024 मध्ये क्रायसोटाईलवर बंदी घातली. सुप्रीम कोर्टाने 1995 मध्ये कामगारांच्या तब्येतीच्या नोंदी ठेवायचे आदेश दिले, पण ते कारखान्यातल्यांसाठी, गावात छपरावर चढणाऱ्या गवंड्याचं नाव कुठल्या रजिस्टरात असणार?

पत्रा काढायचाच झाला तर पाणी मारून, न फोडता, नट सोडवून अख्खाच उतरवावा, तुकडे जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळावेत. खाली झाडू मारू नये, ओल्या फडक्यानं पुसावं. तोंडाला बांधलेल्या रुमालानं हे तंतू अडत नाहीत.