एकाच संगणकावर अनेक एसएसएच किल्ल्या: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे सर्व्हर असलेले नागपुरातील अनेक ग्राहक संकेतस्थळाचे काम बाहेरच्या प्रोग्रामरकडे सोपवतात, आणि तो प्रोग्रामर बहुधा एकाच लॅपटॉपवरून कळमन्याच्या संत्रा व्यापाऱ्याचा सर्व्हर, रामदासपेठेतील रुग्णालयाचे संकेतस्थळ आणि गिटहब या प्रोग्रामचा कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरील स्वतःचे खाते सांभाळत असतो. या सर्व ठिकाणी तो एसएसएच, म्हणजे दूरच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच्या पद्धतीने शिरतो, आणि त्याची ओळख पासवर्डऐवजी किल्लीने, म्हणजे एक खासगी व एक सार्वजनिक अशा दोन फाईलींच्या जोडीने पटते. सगळीकडे एकच किल्ली वापरणे सोपे वाटते खरे, परंतु ती कोणाच्या हाती लागल्यास सर्वच ग्राहकांचे सर्व्हर एकदम उघडे पडतात. म्हणून आमच्या सर्व्हरसाठी स्वतंत्र किल्ली तयार करून घ्यावी.

नवी किल्ली एड२५५१९ प्रकारची असावी. ओपनएसएसएच या एसएसएच जोडणीच्या प्रोग्राममध्ये हा प्रकार २०१४ पासून उपलब्ध आहे. फाईलला ग्राहकाचे किंवा कामाचे नाव द्यावे, कारण आपोआप सुचवलेले नाव स्वीकारून जुनी फाईल बदलण्यास होकार दिला, तर आधीची किल्ली कायमची जाते. पासफ्रेज, म्हणजे खासगी किल्लीच्या फाईलचा पासवर्ड, अवश्य ठेवावा. एसएसएच एजंट, म्हणजे उघडलेल्या किल्ल्या स्मरणात ठेवणारा प्रोग्राम, वापरल्यास पासफ्रेज वारंवार टाकावा लागत नाही.

आमच्याकडे वरचेवर येणारी तक्रार अशी, की किल्ली योग्य असूनही सर्व्हर आत घेत नाही. याचे कारण बहुधा एजंटमध्ये सापडते. तो जवळच्या किल्ल्या एकामागून एक पुढे करतो, तर ओपनएसएसएच सर्व्हर, सेटिंग बदललेले नसल्यास, एका जोडणीत सहाच प्रयत्न मान्य करतो. त्यामुळे योग्य किल्लीची पाळी येण्यापूर्वीच ‘टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स’ असा संदेश येऊन जोडणी तुटते. यावर उपाय म्हणजे डॉट-एसएसएच फोल्डरातील कॉन्फिग फाईल. तीत प्रत्येक सर्व्हरसाठी ‘होस्ट’ या शब्दाने सुरू होणारा वेगळा भाग लिहून ‘आयडेंटिटीफाईल’पुढे किल्लीच्या फाईलचा पत्ता द्यावा आणि ‘आयडेंटिटीजओन्ली’पुढे ‘येस’ लिहावे. ही दुसरी ओळच नेमकी गाळली जाते, आणि मग एजंटमधील इतर किल्ल्याही पुढे जात राहतात. प्रत्येक सेटिंगसाठी प्रथम सापडलेले मूल्य लागू होत असल्याने सर्वांसाठीचा, म्हणजे ‘होस्ट’पुढे तारांकन असलेला भाग, फाईलच्या शेवटी ठेवावा.

गिटहबची दोन खाती असतील, तर प्रत्येकासाठी वेगळी किल्ली लागतेच, कारण एकच किल्ली दोन खात्यांना जोडता येत नाही. दोन्हींचा पत्ता मात्र सारखाच असल्याने कॉन्फिगमध्ये ‘गिटहब-ऑफिस’ यासारखे टोपणनाव द्यावे, ‘होस्टनेम’पुढे खरा पत्ता लिहावा आणि रिपॉझिटरीच्या, म्हणजे कोडच्या साठ्याच्या, रिमोट पत्त्यातही (गिटहबवरील पत्त्यातही) तेच टोपणनाव घालावे. हा शेवटचा बदल राहून गेला, तर गिटहब दुसऱ्याच खात्याने ओळखतो आणि डोळ्यांसमोर असलेली खासगी रिपॉझिटरी सापडत नसल्याचे सांगतो.

लिनक्स व मॅकवर खासगी किल्लीच्या फाईलची परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी, ठेवावी. ती इतरांना वाचता येत असल्यास एसएसएच वापरण्यास नकार देतो.

आम्हाला फक्त डॉट-पब या अक्षरांनी संपणारी, म्हणजे सार्वजनिक किल्लीची फाईल पाठवावी. खासगी किल्ली व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलने कोणालाही, आम्हालाही, पाठवू नये. प्रोग्रामर बदलल्यास किंवा लॅपटॉप हरवल्यास त्याच दिवशी कळवावे, म्हणजे सर्व्हरवरील त्या किल्लीची ओळ आम्ही काढून टाकू आणि इतरांचे काम अडणार नाही.