चित्रपटातली पवित्र आणि लौकिक स्थळं

पडद्यावर दिसणाऱ्या जागा ढोबळमानाने दोन प्रकारच्या. देऊळ, घाट, दर्गा, समाधी या पवित्र, आणि घर, दुकान, बाजार, एसटी स्टँड या लौकिक. विभागणी मूळची समाजशास्त्रातली, एमिल दुर्खाइमने १९१२ मध्ये मांडलं की पवित्र म्हणजे जे बाकीच्यांपासून वेगळं काढून ठेवलंय, ज्याला सहज हात लावायचा नाही असं. सिनेमात हे वेगळं काढायचं काम फ्रेम करते.

नाशिककराला हे कळायला रामकुंड पुरे. तिकडे कोणाचं तरी दशक्रियेचं चाललेलं असतं, चार पावलांवर भेळभत्ता, बुधवारी तर गोदाघाटावर आठवडे बाजारच भरतो, भाजीवाल्यांचा आरडाओरडा वगैरे सगळं. शूटिंगमध्ये यातलं काहीच दिसत नाही, पाण्यात सोडलेला दिवा, मागे देवळाचा कळस, घंटेचा आवाज, झालं पवित्र. आणि उलटंही होतं बरं का. गोदेला पूर आला की न्यूज चॅनलचा कॅमेरा नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर, पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, तेव्हा मारुती देव कमी आणि मोजपट्टी जास्त.

आपल्याकडे या विषयाची सुरुवातच इथली म्हणायला हरकत नाही. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे (जन्म १८७०), 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये मुंबईत लागला आणि त्याच वर्षी त्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं. १९१७ चा 'लंका दहन' इथे बनला, त्यात राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंके, म्हणजे एकच माणूस! आणि राम पडद्यावर आला की लोक चपला काढून बसायचे असं सांगतात. ज्या गावात खरी पंचवटी आहे तिथे पंचवटीची गोष्ट पडद्यासाठी उभी केली आणि तिकीट काढून बसायची लौकिक जागा तेवढ्यापुरती देऊळ झाली, मला वाटतं या सगळ्या विषयात यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

आत कोण जाणार हा प्रश्नही यातच येतो. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, त्यानंतर देवळाचा बंद दरवाजा कुणी नुसता सीनरी म्हणून दाखवला तर तो अर्धवटच वाटतो.

मराठीत हा विषय सरळ घेतला तो 'देऊळ'ने (२०११). केशाला औदुंबराखाली दत्त दिसतो, मग तिथे देऊळ, मग दुकानं, हॉटेलं, पुढाऱ्यांची ये-जा, आणि पवित्र जागा बघता बघता गावातली सगळ्यात चालणारी बाजारपेठ होते.

बऱ्याच देवळांच्या गाभाऱ्यात कॅमेरा न्यायला बंदी असते, मग गाभारा सेटवर उभारतात, प्लायवूडचा खांब, प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती. तरी पहिल्या दिवशी कॅमेऱ्याला हार, हळदकुंकू, नारळ हे होतंच, त्या मूर्तीसमोरून जाताना लायटिंगवाला पण नकळत हात जोडतो आणि पॅकअप झालं की तोच ती टेम्पोत भरतो.