आधी केमो, मग ऑपरेशन: हा क्रम आला कुठून?

“गाठ एवढी मोठी झालीय, मग आधी ती काढून का टाकत नाहीत?” स्तनाच्या कॅन्सरसाठी आधी केमोची तारीख हातात पडली की घरचे हे विचारतातच. स्तनातली गाठ कातडीला किंवा छातीच्या भिंतीला चिकटलेली, काखेतल्या गाठी एकमेकींत गुंतलेल्या, पण रोग अजून हाडांत, यकृतात गेलेला नाही. आपल्याकडे कितीतरी बायका दवाखान्यात पोचतात त्या याच अवस्थेत. तेव्हा ऑपरेशन लांबवतात ते डॉक्टरांनी हात टेकले म्हणून नव्हे, तर आधी केमोने गाठ आकसावी म्हणून.

1882 पासून अमेरिकेत विल्यम हॉलस्टेड हे सर्जन स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढत. जितकं जास्त कापू तितका रोग मुळापासून जाईल, हा समज कित्येक दशकं टिकला. 1943 मध्ये न्यूयॉर्कच्या हागेन्सन आणि स्टाउट या डॉक्टरांनी आपल्याच रुग्णांच्या नोंदी तपासल्या. कातडी सुजून संत्र्याच्या सालीसारखी झालेली, हात सुजलेला, अशी लक्षणं असली की एवढं सोसूनही रोग परतत होता. अशांवर ऑपरेशन करू नका, असं त्यांनी लिहिलं. स्वतःच्या हातच्या कामाबद्दल इतकं स्पष्ट बोलणं मला फार मोठं वाटतं. पण मग या बायकांसाठी मुख्यतः रेडिएशनच उरलं, आणि छातीवरची गाठ आटोक्यात आली तरी रोग दुसरीकडे डोकं वर काढायचा.

वाट दाखवली ती इटलीतल्या मातीने. कास्तेल देल मोन्ते या किल्ल्याजवळच्या मातीत सापडलेल्या जिवाणूच्या वाणापासून पुढे डॉक्सोरुबिसिन हे औषध मिळालं. वॉर्डात जिला ‘लाल केमो’ म्हणतात तीच ही. 1970 च्या दशकात मिलानमध्ये दे लेना, बोनादोना आणि सहकाऱ्यांनी ती अशा बायकांना सुरुवातीलाच दिली. बऱ्याच जणींच्या गाठी आकसल्या.

तरी धाकधूक होतीच: ऑपरेशन लांबवून जिवाला धोका तर नाही ना? 1988 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या बी-18 या चाचणीत ऑपरेशन होऊ शकणाऱ्या 1523 बायका होत्या. केमो आधी दिली काय नि नंतर दिली काय, जगण्यात फरक पडला नाही. आधी दिल्याने स्तन वाचवता येण्याचं प्रमाण मात्र वाढलं. पुढे हर-2 पॉझिटिव्ह (पेशींवर हर-2 नावाचं प्रथिन जास्त असलेल्या) गाठींसाठी ट्रास्टुझुमॅब हे औषध आलं, तेही आता ऑपरेशनआधी सुरू करतात.

कधी गाठ इतकी विरते की सर्जनला तिची जागाच सापडू नये. म्हणून स्तन वाचवायचा विचार असेल, तर केमोच्या सुरुवातीलाच सोनोग्राफीत बघून गाठीत तांदळाच्या दाण्याहून लहान धातूची क्लिप ठेवून देतात.