अमावास्येचा बांबू आणि टोपलीतला भुसा

'बांबू अमावास्येलाच तोडायचा, म्हणजे किडा लागत नाही.' टोपल्या विणायला शिकणाऱ्या प्रत्येकाला हा सल्ला मिळतोच. पण किडा पंचांग बघत नाही. टोपलीखाली पिवळट भुसा पाडणारा तो बारीक भुंगेरा येतो बांबूतल्या पिष्टासाठी, म्हणजे स्टार्चसाठी.

हे पिष्ट ऋतूनुसार कमी-जास्त होतं. बांबूचं बेट उन्हाळ्यापर्यंत ते साठवतं, पावसाळ्यात नवे कोंब वाढवताना खर्च करतं. म्हणून तोड पावसाळ्यानंतर, साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत करावी. एप्रिलमधल्या अमावास्येला तोडलेला बांबू किडण्याचीच शक्यता जास्त! (त्यातून तिथी पाळायचीच असेल, तर हिवाळ्यातली अमावास्या धरा, कुणाचंच बिघडत नाही.)

पारख करायची तर ताज्या कापावर आयोडीनचा थेंब टाका. गडद निळा-काळा डाग पडला, तर पिष्ट भरपूर आहे. मग तोडलेला बांबू दगड ठेवून काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवायचा; पिष्ट बरंच कमी होतं. पाणी घाण वास मारतं, तेव्हा घरापासून लांबच भिजवा. नंतर सावलीत निथळू द्या आणि ओलसर असतानाच कांबी (विणायच्या पातळ पट्ट्या) काढा, वाळल्यावर त्या वळवताना मोडतात.