आफ्रिकेतील शाळा, नेतृत्व आणि चांगल्या बातमीची मागणी : पार्श्वभूमी

आफ्रिकेविषयी दुष्काळ, यादवी आणि साथी यांपलीकडचे काही छापा, तिथल्या शाळांविषयी, विद्यार्थ्यांविषयी, धडपडणाऱ्या नव्या नेत्यांविषयी लिहा, ही मागणी आज जगभरचे वाचक करतात, आणि त्यांत खुद्द आफ्रिकेतील वाचकांचा आवाज सर्वांत मोठा असतो. या मागणीच्या समर्थनार्थ लंडनच्या ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाच्या दोन मुखपृष्ठांचा दाखला नेहमी दिला जातो. मे २००० मध्ये या साप्ताहिकाने आफ्रिकेला ‘आशाहीन खंड’ ठरवले आणि डिसेंबर २०११ मध्ये त्याच खंडाला ‘उगवता आफ्रिका’ म्हणून गौरवले. साडेअकरा वर्षांत पन्नासहून अधिक देशांचे नशीब एका फटक्यात पालटत नाही. पालटली होती ती मुख्यतः पाहणाऱ्याची नजर. मात्र ही तक्रार या दोन मुखपृष्ठांपेक्षा फार जुनी आहे. तिचे मूळ शोधू गेल्यास आपण एकोणिसाव्या शतकातील मिशनरी शाळांच्या छापखान्यांपाशी जाऊन पोहोचतो.

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप भागात लव्हडेल येथे स्कॉटिश मिशनऱ्यांची मोठी शिक्षणसंस्था होती. शाळेशेजारीच छापखाना होता आणि १८७० पासून तिथून ‘इसिगिदिमी’ हे पत्र निघू लागले. शाळेत शिकून बाहेर पडलेले शिक्षक, दुभाषे आणि कारकून हेच या पत्राचे वाचक होते, आणि वाचता वाचता ते पत्रेही पाठवू लागले. मिशनरींना धर्मोपदेश आणि सुधारणेच्या वार्ता छापायच्या होत्या. वाचकांना जमीन, मताधिकार आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची वागणूक यांवर लिहायचे होते. पत्राचे संपादक जॉन टेंगो जबावू यांना हा कोंडमारा असह्य झाला आणि १८८४ मध्ये त्यांनी ‘इम्वो झबांत्सुंदू’ हे स्वतंत्र साप्ताहिक काढले. मिशनचे अहवालही एका अर्थाने ‘चांगल्या बातम्या’च होत्या, कारण स्कॉटलंडमधील देणगीदारांना प्रगती दिसणे आवश्यक होते. जबावूंच्या वाचकांना मात्र आपली बातमी आपण सांगण्याचा हक्क हवा होता. या दोन मागण्यांमधील फरक पुढील सव्वाशे वर्षांच्या इतिहासात वारंवार डोके वर काढतो.

शाळेतून वृत्तपत्राकडे आणि तिथून राजकारणाकडे, ही वाट आफ्रिकेत पुढे राजमार्गच बनली. नायजेरियाचे नामदी अझिकिवे अमेरिकेत शिकून आक्रा येथे संपादक झाले, एका लेखावरून राजद्रोहाच्या खटल्यात सापडले, अपिलात सुटले आणि १९३७ मध्ये लागोसमध्ये त्यांनी ‘वेस्ट आफ्रिकन पायलट’ सुरू केला; पुढे ते नायजेरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. गोल्ड कोस्टमधील (आजचा घाना) अचिमोता येथील प्रसिद्ध संस्थेत शिक्षक होण्याचे शिक्षण घेतलेल्या, पुढे घानाचे नेते झालेल्या क्वामे एन्क्रुमा यांनी १९४८ मध्ये ‘आक्रा इव्हिनिंग न्यूज’ काढले. टांगानिकाचे (आजच्या टांझानियाचे) नेते ज्युलियस न्येरेरे शाळामास्तर होते. ‘म्वालिमू’ म्हणजे गुरुजी, हे संबोधन त्यांना आयुष्यभर चिकटले ते या पेशामुळेच, आणि त्यांनीही पक्षपत्रातील मजकुरावरून १९५८ मध्ये अब्रुनुकसानीचा खटला अंगावर घेतला.

केनियात या तिन्ही गोष्टींची गाठ अधिक घट्ट बसली. १९२९ च्या सुमारास किकुयू समाजाचा स्कॉटिश मिशनशी मुलींच्या सुंतेच्या प्रथेवरून तीव्र संघर्ष झाला आणि मिशनच्या शाळांतून नावे काढून घेतलेल्या मुलांसाठी लोकांनी पदरमोड करून स्वतःच्या शाळा उभारल्या. संघर्षाचे निमित्त आजच्या दृष्टीने समर्थनीय नव्हते, हे नमूद करायलाच हवे. पण त्यातून मिशन आणि सरकार या दोघांच्याही ताब्याबाहेरची शिक्षणव्यवस्था उभी राहिली. या शाळांना शिक्षक मिळावेत म्हणून म्बियू कोइनांगे यांनी १९३९ मध्ये गिथुंगुरी येथे अध्यापक महाविद्यालय काढले आणि पुढे केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले जोमो केन्याटा इंग्लंडहून परतल्यावर तिथे प्राचार्य झाले. १९५२ मध्ये आणीबाणी पुकारली गेली, तेव्हा वसाहत सरकारने या शाळा बंद केल्या. गिथुंगुरीच्या आवारात तर पुढे फाशीचे तख्त उभे राहिले. लंडनच्या वृत्तपत्रांतून या काळात माउ माउ या वसाहतविरोधी सशस्त्र बंडातील क्रौर्याच्या कहाण्या रकानेच्या रकाने भरून छापल्या जात होत्या. बंद पडलेल्या शाळांची बातमी त्या मानाने किरकोळ ठरली.

याच नैरोबीत १९४८ पासून भारत सरकारचे आयुक्त म्हणून औंधचे राजपुत्र आप्पासाहेब पंत काम करत होते. औंध संस्थानात प्रजेच्या हाती कारभार सोपवण्याचा प्रयोग त्यांनी जवळून पाहिला होता. नैरोबीत त्यांनी केन्याटा आणि कोइनांगे यांच्याशी उघड मैत्री ठेवली, आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकायला पाठवण्यासाठी शिष्यवृत्त्यांचा पाठपुरावा केला आणि ब्रिटिशांचा रोष ओढवून घेतला. १९५४ मध्ये त्यांना तिथून परत बोलवावे लागले. नैरोबीत जन्मलेले गोमंतकीय पियो गामा पिंटो यांनी तर केनियाच्या राजकारणाला वाहूनच घेतले. शिक्षणासाठी ते लहानपणी भारतात आले, गोव्याच्या मुक्तिलढ्यात उतरले, १९४९ मध्ये केनियात परतून पत्रकारितेत आले, आणीबाणीत वर्षानुवर्षे स्थानबद्ध राहिले आणि सुटल्यावर त्यांनी स्थानिक भाषांतील पत्रे काढणारी ‘पॅन आफ्रिकन प्रेस’ ही संस्था उभारण्यात पुढाकार घेतला. स्वातंत्र्यानंतर जमिनीच्या फेरवाटपावरून ते सत्ताधाऱ्यांना अडचणीचे ठरू लागले. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी घराच्या फाटकापाशी, मोटारीत लहान मुलगी बसलेली असताना, त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. स्वतंत्र केनियातील ही पहिली राजकीय हत्या मानली जाते.

स्वातंत्र्यानंतर शाळा हाच नव्या सरकारांचा सर्वांत मोठा वायदा होता. १९६१ मध्ये आदिस अबाबा येथे युनेस्कोच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेत आफ्रिकी देशांनी १९८० पर्यंत प्राथमिक शिक्षण सार्वत्रिक, सक्तीचे आणि मोफत करण्याचे ठरवले. केनियात गावोगावी ‘हरांबी’ शाळा लोकवर्गणीतून उभ्या राहिल्या आणि काही वर्षांतच सरकारी मदतीवर चालणाऱ्या माध्यमिक शाळांपेक्षा त्यांची संख्या जास्त झाली. टांझानियाने १९७० च्या दशकात जवळपास प्रत्येक मुलाचे नाव शाळेच्या पटावर आणले. पुढे नोबेल शांतता पुरस्कार मिळवणाऱ्या वांगारी माथाई यांच्यासारखे शेकडो तरुण केनियाचे कामगार नेते टॉम म्बोया यांनी जमवलेल्या मदतीवर अमेरिकेत शिकून आले. पाश्चात्त्य वृत्तसंस्थांनी यातले फारच थोडे जगापुढे नेले, ही वाचकांची जुनी तक्रार इथे अक्षरशः खरी आहे.

तथापि त्याच काळात आफ्रिकेतील नेतेही बातमीच्या बाबतीत वसाहतकारांचाच कित्ता गिरवू लागले होते, हे तक्रार करणारे बहुधा सांगत नाहीत. न्येरेरे यांनी १९७० मध्ये ‘स्टँडर्ड’ या दैनिकाचे राष्ट्रीयीकरण केले आणि दक्षिण आफ्रिकेतून परागंदा झालेल्या, पारशी कुटुंबातील फ्रेनी गिनवाला यांना संपादकपदी बसवले. सरकारवर टीका करण्याची मुभा कागदोपत्री दिलेली होती. सुदानच्या राज्यकर्त्यांवर केलेल्या टीकेवरून दुसऱ्याच वर्षी गिनवाला यांना जावे लागले. (पुढे १९९४ मध्ये त्या लोकशाही दक्षिण आफ्रिकेच्या पहिल्या लोकसभाध्यक्षा झाल्या.) १९८३ मध्ये डाकार येथून ‘पाना’ ही अखिल आफ्रिकी वृत्तसंस्था सुरू झाली, तीही आफ्रिकेची विपर्यस्त प्रतिमा दुरुस्त करण्याच्या घोषणेनिशी. परंतु तिला बातम्या पुरवणार त्या देशोदेशीच्या सरकारी वृत्तसंस्था. मंत्र्यांची भाषणे, उद्घाटने आणि राष्ट्राध्यक्षांचे दौरे यांच्या पलीकडे तिचा गाडा फारसा सरकला नाही.

‘नकारात्मक’ बातमीने काय साधते, याचे याच काळातील उदाहरण शाळेचेच आहे. दक्षिण आफ्रिकेत १९५३ च्या कायद्याने काळ्या मुलांसाठी मुद्दाम दुय्यम दर्जाचे शिक्षण ठरवून दिले होते. बंटू मुलाला गणित शिकवून उपयोग काय, असे या कायद्याचे कर्ते फर्वुर्ड यांनी संसदेत विचारले होते. १६ जून १९७६ रोजी सोवेटोतील शाळकरी मुले आफ्रिकान्स भाषेतून शिकण्याच्या सक्तीविरुद्ध गणवेशातच रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी गोळीबार केला. ‘द वर्ल्ड’ या काळ्या वाचकांच्या दैनिकाचे छायाचित्रकार सॅम न्झिमा तिथे होते. गोळी लागलेल्या हेक्टर पीटरसनला उचलून धावणारा तरुण आणि शेजारी आक्रोश करत पळणारी हेक्टरची बहीण यांचे छायाचित्र त्यांनी टिपले, रीळ पायमोज्यात लपवले आणि कचेरीत पोहोचवले. ते छायाचित्र जगभर छापले गेले. न्झिमा यांना छायाचित्रणाचा पेशा सोडून गावाकडे जावे लागले आणि १९७७ च्या ऑक्टोबरात सरकारने ‘द वर्ल्ड’ बंदच केले. १९९१ पासून १६ जून हा आफ्रिकी बालकदिन म्हणून पाळला जातो.

इथियोपियाचा अनुभव याहून गुंतागुंतीचा आहे. १९७३ मध्ये वोलो प्रांतातील दुष्काळ सम्राट हैले सेलासी यांच्या सरकारने दडपला. एका ब्रिटिश चित्रवाणी पथकाने तो उघड केला आणि सम्राटांच्या पदच्युतीला त्याचा हातभार लागला. त्यांच्या जागी आलेल्या लष्करी राजवटीने १९७९ मध्ये साक्षरतेची प्रचंड मोहीम काढली, तिला १९८० मध्ये आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. म्हणजे शाळेची खरीखुरी चांगली बातमी या देशाजवळ होती. परंतु १९८४ मध्ये उत्तरेत माणसे अन्नान्न करून मरत असताना हीच राजवट क्रांतीच्या दहाव्या वर्धापनदिनाच्या झगमगाटात दंग होती आणि दुष्काळाची वाच्यता होऊ देत नव्हती. केनियाचे चित्रवाणी छायाचित्रकार मोहम्मद अमीन यांनी कोरेम येथील छावणीत टिपलेली दृश्ये २३ ऑक्टोबर १९८४ रोजी बीबीसीवरून दाखवली गेली, तेव्हा कुठे जगाला जाग आली. मदतीचा ओघ सुरू झाला. त्याचबरोबर हाडांचा सापळा झालेले मूल हीच आफ्रिकेची ओळख पाश्चात्त्य वाचकाच्या मनात कायमची रुतली. आज ज्या प्रतिमेविरुद्ध वाचक बोलतात, ती ही. ज्यांनी दुष्काळ लपवला त्यांच्यावर या प्रतिमेचे खापर किती फुटते आणि ज्यांनी तो दाखवला त्यांच्यावर किती, हे पाहण्यासारखे आहे.

त्यानंतरची दीड-दोन दशके शाळांना वाईट गेली. कर्जबाजारी सरकारांनी आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थांच्या अटींखाली शिक्षणावरचा हात आखडता घेतला, फी पुन्हा सुरू झाली आणि टांझानियासारख्या देशात पटसंख्या घसरली. वळण आले ते निवडणुकांमुळे. मलावीने १९९४ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केले, तेव्हा पट सुमारे १९ लाखांवरून एका वर्षात ३० लाखांच्या घरात गेला. युगांडाने १९९७ मध्ये, टांझानियाने २००१ मध्ये आणि केनियाने जानेवारी २००३ मध्ये हाच मार्ग धरला. केनियात पट ५९ लाखांवरून ७२ लाखांवर गेला. पुढच्याच वर्षी किमानी मारुगे हे ८४ वर्षांचे माजी माउ माउ सैनिक अर्धी चड्डी आणि लांब मोजे अशा गणवेशात पहिलीच्या वर्गात येऊन बसले, त्यांची छायाचित्रे जगभर झळकली. दर मुलामागे सरकार वर्षाला १,०२० शिलिंग देणार होते. वर्गात शंभर शंभर मुले कोंबली जात होती आणि २००९ मध्ये याच योजनेच्या पैशांत मोठी अफरातफर झाल्याचे उघड झाल्यावर ब्रिटनने मदत थांबवली. मारुगे यांच्या छायाचित्राइतकी प्रसिद्धी या मजकुराला आफ्रिकेबाहेर मिळाली नाही, आणि केनियाच्या वृत्तपत्रांनी मात्र त्याचा पिच्छा पुरवला.

‘उगवत्या आफ्रिके’चे दिवस साधारण हेच. सुदानी उद्योजक मो इब्राहिम यांनी लोकशाही मार्गाने निवडून येऊन मुदतीत पायउतार होणाऱ्या राष्ट्रप्रमुखांसाठी २००७ पासून ५० लाख डॉलरचा पुरस्कार सुरू केला. अनेक वर्षी लायक मानकरी न मिळाल्याने तो कोणालाच दिला गेला नाही, आणि माझ्या मते या पुरस्काराची विश्वासार्हता त्या रिकाम्या वर्षांतच आहे. घानात पॅट्रिक अवुआ यांनी २००२ मध्ये अशेसी विद्यापीठ काढले, जोहान्सबर्गजवळ २००८ मध्ये आफ्रिकन लीडरशिप अकॅडमी उघडली. निवडक हुशार मुलांना नेतृत्वाचे शिक्षण देणाऱ्या या संस्थांच्या बातम्या देखण्या होतात. नेते घडवण्यासाठी वेगळी शाळा लागते, ही कल्पना अचिमोतापासूनची आहे. लाखो मुलांच्या सरकारी शाळेचे काय, हा प्रश्न तेवढाच जुना.

त्या प्रश्नाला हात घालणाऱ्या एका कामाचा धागा मुंबईपर्यंत येतो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने २००५ पासून घरोघरी जाऊन मुलांना साधा परिच्छेद वाचायला देणारी ‘असर’ पाहणी चालवली. तीच पद्धत घेऊन केनिया, टांझानिया आणि युगांडात ‘उवेझो’ पाहणी सुरू झाली. केनियात तिसरीच्या दहांपैकी तीनच मुलांना दुसरीचा अभ्यास जमतो, असे तिने दाखवून दिले. पट भरल्याच्या चांगल्या बातमीवर पाणी ओतणारी ही बातमी आफ्रिकी स्वयंसेवकांनी, आफ्रिकी गावांतून, स्वतःच्या लोकांसाठी गोळा केलेली होती. तिच्यामागोमाग झांबियाच्या शिक्षणखात्याने २०१६ मध्ये ‘कॅच अप’ हा कार्यक्रम काही शाळांत सुरू केला. त्यात तिसरी ते पाचवीच्या मुलांना वयानुसार किंवा इयत्तेनुसार न बसवता वाचनाच्या पातळीनुसार गट करून शिकवतात. अक्षरे ओळखणाऱ्यांचा एक गट, शब्द वाचणाऱ्यांचा दुसरा, गोष्ट वाचणाऱ्यांचा तिसरा. पुढे तो शेकडो शाळांत पसरला.